फ्रीस्टाइलमधला सगळ्यात मोठा पैलवान कोण? तालमीतल्या पैजेचं उत्तर

मागच्या आठवड्यात मेहनत झाल्यावर तालमीतल्या एका पोरानं चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला. तो असा: "वस्ताद, फ्रीस्टाइल कुस्तीत आजवरचा सगळ्यात मोठा पैलवान कोण? पोरांत पैज लागलीय. निम्मी सादुलाएव म्हणतात, दोघं-तिघं जॉर्डन बरोज म्हणतात, आणि आमचे आजोबा गामाशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. आपल्याकडचा कुणी त्या रांगेत बसतो का, तेही सांगा."

तोंडी दोन मिनिटांत संपणारं हे उत्तर नाही, म्हणून बसून लिहितोय.

आधी नाव सांगतो, मग कारणं. बुवायसार साइतिएव. दागेस्तानातल्या खासाव्युर्तचा, चेचेन घरातला पोरगा. अटलांटा १९९६, अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ अशी ७४ किलो गटातली तीन ऑलिंपिक सुवर्णं, आणि १९९५ ते २००५ या काळात सहा जागतिक विजेतेपदं. मार्च २०२५ मध्ये तो गेला तेव्हा पन्नाशीही भरली नव्हती. बातमी आली त्या संध्याकाळी मी तालमीत भिंतीला मोबाइल टेकवून त्याच्या कुस्त्या लावल्या होत्या. लहान पोरं कंटाळून उठली. मोठ्यांतले चौघं शेवटपर्यंत बसले होते.

आता आजोबांचं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की गामाला मी कुणाच्या खाली ठेवत नाही. १९१० साली लंडनला झबिस्कोसारखा धिप्पाड गडी त्याच्यापुढे अडीच तासांहून जास्त वेळ गादीला चिकटून पडून राहिला आणि पुन्हा ठरलेल्या कुस्तीला फिरकलाच नाही. १९२८ ला पतियाळात तोच झबिस्को मिनिटाच्या आत चीत झाला. पण त्या कुस्तीला वजनगट नव्हते, गुण नव्हते, निकाल लागेपर्यंत लढायचं होतं. फ्रीस्टाइल हा नियमांत बांधलेला वेगळा खेळ आहे. सहा मिनिटांच्या कुस्तीचं माप गामाला लावणं हा गामावर अन्याय, आणि गामाचं माप साइतिएवला लावणं हा साइतिएववर. तसंच रशियाचा कारेलिन आणि क्युबाचा मिहाइन लोपेझ ही नावंही कुणी काढेल. लोपेझनं तर पॅरिसला सलग पाचवं सुवर्ण घेतलं. पण ते दोघं ग्रीको-रोमनचे, जिथं कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा वापर नाही. पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, काढता येत नाही ती कुस्ती आपल्या प्रश्नात बसत नाही.

पोरं पदकं मोजतात. मोजावीतच, पण मोजताना साल बघावं. सर्गेई बेलोग्लाझोवनं १९८० आणि १९८८ ला ५७ किलोत ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, मधल्या काळात जागतिक स्पर्धा जिंकत राहिला. मग १९८४ चं कुठं गेलं? सोव्हिएत संघ लॉस एंजेलिसला गेलाच नाही. आर्सेन फादझाएव १९८३ ला जागतिक विजेता होता, तोही घरी बसला. बल्गेरियाचा व्हॅलेंटिन जोर्डानोव सात वेळा जागतिक विजेता. त्याचा देशही त्या वर्षी गेला नाही, आणि त्याला एकच ऑलिंपिक सुवर्ण मिळालं, तेही १९९६ ला, उतारवयात. या तिघांच्या हातून पदक हिसकावलं ते कुठल्या पैलवानानं नव्हे. म्हणून नुसत्या बेरजेवर मी कुणाला पहिला म्हणत नाही.

मी दोन गोष्टी बघतो. पहिली, ज्याचा डाव सगळ्या जगाला पाठ झालाय, त्याचा डाव तरीही लागतो का. दुसरी, खेळाचे नियम त्याच्या पायाखालून काढून घेतले तर तो उभा राहतो का.

पहिली गोष्ट मी स्वतःच्या अंगावर शिकलो. १९९० च्या आसपास निवड चाचणीला गेलो होतो. आम्ही तांबड्या मातीत वाढलेले. मातीत उभं राहायचं ते छाती पुढे काढून, सलामी देऊन खडाखडी करायची, गर्दनखेच, मग ढाक नाहीतर बाहेरची टांग हे डाव. माती पाय धरते, म्हणून उभं राहून जमतं. त्या दिवशी गादीवर समोरच्या पोरानं मला हातही लावू दिला नाही. अंतरावरून एकदम खाली गेला, इतका खाली की त्याचं डोकं माझ्या नडगीला लागलं, आणि दोन्ही हात घोट्यामागे. मी त्याच्या पाठीवर रेलायला गेलो तर खाली पाठच नव्हती, तो आधीच बाजूनं वर आला होता. असं तीन वेळा झालं. कुस्ती दोन मिनिटांत संपली आणि मला नेमकं काय झालं तेच कळलं नव्हतं.

माझ्या वस्तादांनी कुणाकडून तरी व्हिडिओ कॅसेट मिळवली. नवी पेठेत एका ओळखीच्या दुकानात व्हीसीआर होता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा आम्ही तिथं बसून ती कॅसेट बघितली. तो जॉन स्मिथ होता. अमेरिकेच्या ओक्लाहोमाचा, ६२ किलो. १९८७ ते १९९२ या सहा वर्षांत चार जागतिक आणि दोन ऑलिंपिक सुवर्णं, एकही वर्ष रिकामं नाही. आणि ती सगळी जवळजवळ एका डावावर, घोट्याच्या एकेरी पटावर. आपल्याकडे एकेरी पट गुडघ्याच्या मागून काढतात, डोकं छातीला लावतात. स्मिथ टाचेजवळ जायचा. तिथं पाय धरला की समोरच्याला ना पाय मागे टाकता येतो, ना वजन टाकता येतं, कारण वजन टाकायला खाली माणूस नसतो. कॅसेट मागे-पुढे करून वस्ताद एवढंच म्हणाले, "याचा गुडघा बघ, जमिनीला टेकायच्या आधी हात पोचतोय." ते वाक्य मी आजही पोरांना सांगतो.

रशियन, इराणी, क्युबन, सगळ्यांनी त्याच्यासाठी तोड शोधली होती. बार्सिलोनाला १९९२ मध्ये क्युबाच्या लाझारो रेनोसोनं त्याला सुरुवातीच्या गटसाखळीत हरवलंही. तरी सुवर्ण त्यानंच घेतलं. माहीत असलेला डाव न थांबवता येणं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर स्मिथ बघ.

तुमचा अमेरिकेचा बरोज त्याच जातीचा. त्याचा दुहेरी पट. हात खाली, पाऊल पुढं, आणि धाडकन दोन्ही पाय उचललेले. २०११ पासून २०२२ पर्यंत सहा जागतिक सुवर्णं, मधे लंडन २०१२ चं ऑलिंपिक. रिओला २०१६ मध्ये तो पदकाविना परतला, पुढच्याच वर्षी पॅरिसला पुन्हा जागतिक विजेता झाला आणि शेवटची दोन विजेतेपदं ७९ किलोत घेतली तेव्हा तिशी कधीच ओलांडली होती. ज्यांनी बरोजवर पैज लावली त्यांना मी वेडं म्हणणार नाही. फक्त ऑलिंपिकचं एकच सुवर्ण त्याला मागे ठेवतं.

रशियाच्या सादुलाएवबद्दल थोडक्यात. ८६ आणि ९७ किलो अशा दोन गटांत ऑलिंपिक सुवर्ण, पोरवयापासून जागतिक विजेता. २०१७ ला पॅरिसला अमेरिकेच्या काइल स्नायडरनं हरवलं, दुसऱ्या वर्षी बुडापेस्टला त्याच स्नायडरला त्यानं चितपट केलं, आणि टोकियोच्या अंतिम कुस्तीतही तोच समोर होता, तिथंही हरवलं. ताकद, वेग, डोकं, सगळं आहे. त्याला मी पहिल्या पाचांत ठेवतो.

आता साइतिएव, आणि नियमांची गोष्ट. ही नीट वाच, कारण तुम्ही पोरं आजचे नियम कायमचे आहेत असं धरून चालता.

१९९६ ला साइतिएव अटलांटाला जिंकला तेव्हा कुस्ती पाच मिनिटांची सलग असायची, मधे विश्रांती नाही. त्यात दमसास आणि सुरुवातीची आघाडी महत्त्वाची. २००४ ला अथेन्सला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या, गुण एकत्र मोजायचे. आणि २००८ ला बीजिंगला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा, तीनपैकी दोन जिंकायच्या. फेरीत शून्य-शून्य राहिलं तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे, ज्याचा रंग निघेल त्यानं समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायची. म्हणजे निम्मी कुस्ती नशिबावर! त्या नियमानं कितीतरी चांगल्या पैलवानांची कारकीर्द मोडली. जे हळूहळू समोरच्याला दमवून शेवटी गुण काढायचे त्यांना काही उरलंच नाही, कारण दर दोन मिनिटांनी पाटी कोरी. २०१३ ला ऑलिंपिकमधून कुस्तीच काढून टाकायची वेळ आली तेव्हा कुठं ते नियम बदलले.

एकच माणूस, तीन वेगळे खेळ म्हणावे इतके वेगळे नियम, बारा वर्षांचं अंतर, आणि तिन्हीत ऑलिंपिक सुवर्ण. पुरुषांत दुसरं असं उदाहरण मला माहीत नाही.

त्याला जमलं कसं? बघायला गेलं तर अंगानं तो पैलवानासारखा दिसतच नाही. हात लांब, खांदे उतरलेले, उभा राहिला की वाटतं शाळेतला मास्तर चुकून गादीवर आलाय. अंग सैल. समोरचा ढकलतो तेव्हा तो मागे सरकतो, पण मानेवरचा हात सोडत नाही. समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आलं की दुसरा हात खाली जाऊन त्याच पायाची टाच धरतो. मान खाली, टाच वर, माणूस बसला. समोरच्यानं उलट ओढलं तर आतली टांग. आणि त्याचा पाय कुणी धरलाच तर तो घाबरा होत नाही. एका पायावर नाचत, कमरेवरून हात टाकत, धरणाऱ्यालाच वळवून मागे जातो. तुम्ही पोरं पाय सापडला की डोळे मिटता. त्याच्या कुस्त्यांत सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळतं.

म्हणून नियम बदलले तरी त्याला फरक पडला नाही. तो घड्याळाशी किंवा गुणफलकाशी खेळत नव्हता, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे एवढंच बघत होता. वजन कुठल्या तरी पायावर असतंच, नियम कुठलेही असोत.

आणि तो हरलाही. सिडनी २००० ला ब्रँडन स्ले नावाच्या अमेरिकन पोरानं त्याला सुरुवातीच्या गटसाखळीतच बाहेर काढलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, सगळं जग त्याला न हरणारा म्हणत होतं. धाकटा भाऊ आदाम त्याच स्पर्धेत ८५ किलोत सुवर्ण घेऊन गेला, आणि थोरला रिकाम्या हातानं. पुढच्या वर्षी तो पुन्हा जागतिक विजेता झाला आणि त्यानंतर दोन ऑलिंपिक जिंकला. रशियात तेव्हा त्याच्या वजनातले एवढे पैलवान होते की देशाच्या संघात जागा मिळवणं हीच अर्धी ऑलिंपिक. त्यातून तो पुन्हा वर आला.

मेदवेद आणि तख्ती ही दोन नावं घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अलेक्सांद्र मेदवेद, सोव्हिएत संघाचा, मिन्स्कमध्ये राहणारा. टोकियो १९६४, मेक्सिको १९६८, म्युनिक १९७२ अशी सलग तीन सुवर्णं आणि सात जागतिक विजेतेपदं. म्युनिकला त्याच्यासमोर अमेरिकेचा ख्रिस टेलर होता, १८० किलोंच्या वरचा. मेदवेद त्याच्यापुढे निम्म्याहून थोडा जास्त. ती कुस्ती त्यानं अगदी थोड्या गुणांनी घेतली, निकालावर वादही झाला. शेवटची कुस्ती जिंकल्यावर तो वाकला, गादीचं चुंबन घेतलं आणि थांबला. साइतिएवला मी पहिला का म्हणतो ते वर सांगितलं, पण कुणी मेदवेदला पहिला म्हटलं तर मी वाद घालणार नाही. जड गटात, आपल्याहून मोठ्या माणसांपुढे पुन्हा पुन्हा उभं राहणं म्हणजे काय, ते जड गटात खेळलेल्यालाच विचार.

इराणचा गुलामरझा तख्ती पदकांत मेदवेदच्या बराच मागे. मेलबर्न १९५६ ला सुवर्ण, त्याच्या आधी हेलसिंकीला आणि नंतर रोमला रौप्य, दोन जागतिक विजेतेपदं. १९६२ ला अमेरिकेत टोलेडोच्या जागतिक स्पर्धेत मेदवेदला सुवर्ण आणि तख्तीला रौप्य. पण इराणात आजही सांगतात की मेदवेदचा गुडघा दुखावलाय हे कळल्यावर तख्तीनं त्या पायाला एकदाही हात घातला नाही. त्याच वर्षी इराणात मोठा भूकंप झाला तेव्हा तो स्वतः तेहरानच्या रस्त्यावर उतरून लोकांकडून मदत गोळा करत होता. त्याला तिथं 'जहान पहलवान', म्हणजे जगाचा पैलवान, म्हणतात. तुला हे सांगायचं कारण असं की 'कुस्ती', 'पैलवान' आणि मला तुम्ही जे म्हणता ते 'वस्ताद', हे तिन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आलेत. इराणच्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, आजही लाकडी मुद्गल फिरवतात, मधल्या खड्ड्यात मेहनत करतात, आत शिरताना वाकून नमस्कार करतात. पहाटे आपल्या हौद्यात उतरताना तू मातीला हात लावून कपाळाला लावतोस ना, तीच रीत. तख्तीला यादीत कितवा ठेवायचा ते मला कळत नाही, पण तालमीत फोटो लावायचा असेल तर मी त्याचा लावीन.

इथपर्यंत लिहून झाल्यावर परवा मी हे तालमीत वाचून दाखवलं. सकाळच्या बॅचमधली एक पोरगी, ५३ किलोत खेळते, हात वर करून म्हणाली, "वस्ताद, नियम बदलले तरी जिंकणं हेच माप असेल तर मग काओरी इचो का नाही?"

मी गप्प झालो, कारण तिचं बरोबर होतं.

इचोनं २००४, २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णं घेतली. पहिली तीन ६३ किलोत, चौथं ५८ मध्ये. त्यावर दहा जागतिक विजेतेपदं. अथेन्सला दोन फेऱ्यांचे नियम, मग दोनदा ते चेंडूवाले नियम, आणि रिओला पुन्हा गुण एकत्र मोजायचे नवे नियम. २००३ पासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत गादीवर तिला कुणी हरवलं नाही. त्या जानेवारीत मंगोलियाच्या एका पोरीनं हरवलं, आणि सात महिन्यांनी रिओच्या अंतिम कुस्तीत ती शेवटच्या काही सेकंदांपर्यंत मागे होती. मग समोरचीनं तिचा पाय धरलेला असतानाच ती वळून मागे गेली आणि दोन गुण घेतले. पाय सापडल्यावर डोळे न मिटणं म्हणजे काय, हे त्या शेवटच्या सेकंदांत बघ. साइतिएवबद्दल मी जे लिहिलं ते सगळं तिच्यातही आहे, आणि सुवर्ण एक जास्तच आहे. तिचीच जोडीदारीण साओरी योशिदा, तिची तर जागतिक विजेतेपदं तेरा आणि ऑलिंपिक सुवर्णं तीन.

तेव्हा माझं उत्तर मी दुरुस्त करतो. पुरुषांत साइतिएव. पुरुष-बाई न बघता विचारलंस तर काओरी इचो. माझ्या पिढीला पोरींची कुस्ती बघायची सवय नव्हती, म्हणून तिचं नाव आधी ओठावर आलं नाही, ही माझी चूक. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. तालमीच्या भिंतीवर इचोचा फोटो त्याआधीच लागायला हवा होता.

राहिला शेवटचा भाग, आपल्यातला कुणी बसतो का. सगळ्यात मोठ्यांच्या त्या रांगेत बसत नाही. पण खाशाबा जाधवांची कुस्ती मी त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळा पोरांना सांगितलीय. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती, तरी ५२ किलोत सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तिथं ५७ किलोत त्यांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली, आणि ती संपल्यावर विश्रांती न देता लगेच सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवशी लावली. नियमानं मधे वेळ मिळायला हवा होता, पण भांडायला त्यांच्या बाजूनं तिथं कुणी नव्हतं. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कुस्तीतलं पुढचं यायला २००८ साल उजाडावं लागलं. छप्पन्न वर्षं.

आता हा आकडा बघ. खाशाबा ५७. सुशील कुमार दोन्ही वेळा ६६. योगेश्वर दत्त ६०, त्यानं फितले डावावर, समोरच्याचे पाय पिळून त्याला लोळवत, एकामागून एक गुण घेतले ती कुस्ती तुम्ही बघितलीच आहे. साक्षी मलिक ५८. रवी दहिया ५७. बजरंग ६५. अमन सेहरावत ५७. भारताला कुस्तीत मिळालेलं प्रत्येक ऑलिंपिक पदक सत्तर किलोंच्या आतलं आहे. प्रत्येक. आणि आपल्याकडे मान कशाला? महाराष्ट्र केसरीच्या, ८६ किलोंच्या वरच्या गटातल्या गदेला.

गदा मला नकोशी आहे असं समजू नकोस. आपल्या सोलापूर जिल्ह्यानं गदेला जे दिलं ते फार थोड्या जिल्ह्यांनी दिलं. दक्षिण सोलापुरातल्या बोरामणीच्या एका घरात तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले, इस्माईल, अप्पालाल आणि मुन्नालाल शेख. करमाळ्याच्या खडकीचा बाला रफिक शेख २०१८ ला झाला. मोहोळचा सिकंदर शेख २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत माती विभागाच्या अंतिम कुस्तीत सिकंदरसमोर मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड होता, दोघंही आपलेच. त्या एका बाहेरच्या टांगेचे चार गुण की दोन, यावरून गावोगावच्या पारावर भांडणं झाली. एवढं प्रेम आहे लोकांचं. गड्ड्याच्या यात्रेत कुस्ती बघायला आलेला म्हातारा, दिवसभर मागावर उभा राहून आलेला असतो, तरी शेवटची जोड सुटेपर्यंत हलत नाही.

पण त्या प्रेमाचा एक परिणाम रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहतो. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं, हाडानं ६५ किलोचं, घरचे म्हणतात वजन वाढवा, गदा आणायचीय. मग दूध, तूप, बदाम, आणि दोन वर्षांत ते ८८ किलोचं होतं. पाय हळू झाले, पट मेला, आणि खुल्या गटात ११०-१२० किलोच्या जन्मजात जड गड्यापुढे उभं राहिलं. मधल्यामधे एक ६५ किलोचा पैलवान आपण गमावलेला असतो. ऑलिंपिकला पुरुषांचे फ्रीस्टाइलचे गट सहाच आहेत: ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. आपल्या मातीतल्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या हाडाला त्यातले पहिले तीन शोभतात. साइतिएवचं गाव खासाव्युर्त हे सुमारे दीड लाख वस्तीचं, आपल्या बार्शी-पंढरपूरच्या मापाचं. तिथून तो आणि त्याचा भाऊ निघाले, २००४ आणि २००८ ला हलक्या गटांत सुवर्ण घेणारा मावलेत बातिरोव निघाला. हवा-पाण्याचं म्हणशील तर आपल्याला कमी काही नाही. तिथं ५५ किलोच्या पोराला लोक तेवढ्याच मानानं बघतात, जेवढं १२५ च्या पोराला.

पैजेचा निकाल असा: सादुलाएववाले हरले, बरोजवाले हरले, आजोबा आपल्या जागी बरोबर आहेत, आणि ५३ किलोवाली पोरगी जिंकली.

आणि चिठ्ठीवर नाव नव्हतं तरी अक्षर मी ओळखलं. मागच्या महिन्यात तुझं वजन काट्यावर ७१ भरलं होतं, आणि तुझ्या वडिलांनी मला ९० चं विचारलं होतं. त्यांना रविवारी सकाळी तालमीत घेऊन ये. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. तोवर तू खुराकात हात घालू नकोस, सोमवारपासून मातीची मेहनत अर्धी कर, अर्धा वेळ गादीवर, आणि रोज शंभर वेळा घोट्याचा पट, दोन्ही बाजूंनी. गुडघा टेकायच्या आधी हात पोचला पाहिजे.